पेन ड्राइव्हचा ईस्टर

यंदा ईस्टरच्या पहाटे लोणावळ्यातल्या आमच्या चर्चमध्ये गाणं पेन ड्राइव्हवरून वाजलं. वेदीमागे भलामोठा फ्लेक्स, त्यावर निळ्या डोळ्यांचा येशू. मंडळी टाळ्या वाजवत होती, गात कुणीच नव्हतं.

माझं सत्तरचं दशक पेटीचा भाता हलवण्यात गेलं. नव्वदनंतर तरुण पोरं पिंपरी-चिंचवडकडे सरकली. त्या काळाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मधली दहा वर्षं मात्र आम्ही चार आवाजांत गायलो. उपासकाळ लागला की दर गुरुवारी तालीम. बासमध्ये रेल्वेचे एक ड्रायव्हरकाका होते. कर्जतहून गाड्या घाटात ढकलणाऱ्या बँकर इंजिनावर त्यांची ड्यूटी. तिथून थेट यायचे. त्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकाच्या पानापानावर ग्रीसचा काळा अंगठा होता.

ईस्टरला आधी तबल्यावर नारायण वामन टिळकांचं भजन, मग हँडेलचं हॅलेलुया. लोकांनी ते नाताळला बांधून टाकलंय, पण हँडेलच्या ‘मसाया’त ते येतं दुःखसहन आणि पुनरुत्थान झाल्यावर, डब्लिनला पहिला प्रयोग झाला तोही १७४२च्या एप्रिलात. शेवटच्या हॅलेलुयाआधी सगळ्यांनी एकदम गप्प व्हायचं असतं. १९८७ला त्या शांततेत एकटाच ‘हॅ’ करून मोकळा झालो तो मी. बायकांच्या बाकावर खसखस पिकली आणि तेवढ्यात घाटातून मालगाडीचा भोंगा आला. काका पुटपुटले, “हा बरोबर आला बघ.”

भिंतीवर तेव्हा आंजेलो दा फोन्सेकांच्या चित्राची चौकट होती, साडीतली मरीया. पुढे कमिटीला ती ‘हिंदू’ वाटायला लागली. एका बैठकीत ती उतरवली, तबलाही त्याच बैठकीत गेला. मी हात वर केला नाही, ते अजून खुपतं. अहो, टिळक रत्नागिरी जिल्ह्यातले. १८९५ला बाप्तिस्मा घेतला, पण अभंग सोडला नाही. फोन्सेका गोव्याचे, अवनींद्रनाथ ठाकुरांचे शिष्य. गोव्यात असल्या चित्रांपायी बोलणी खाल्ली आणि पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून तशीच चित्रं काढत राहिले. ही माणसं परकी, आणि फ्लेक्सवरचा तो निळ्या डोळ्यांचा घरचा?

यंदाही शेवटी हॅलेलुया होतं. ती शांतता यायची तिथे कुणीतरी ड्रम भरले होते. बाहेर गाडी गेली असेल, तर आम्हाला कळलं नाही.