कोंबड्यांचं अर्धं खाद्य मातीत जातंय? जुनी बादली अन् घमेल्यापासून घरीच बनवा फीडर

हिंगोली : सेनगाव, औंढा नागनाथ, कळमनुरी, वसमत, कोणत्याही तालुक्यातल्या गावात जा, शेतीला जोड म्हणून दहा-वीस कोंबड्या पाळणारी घरं सापडतात. गावरान सोबत आता वनराज, गिरिराज अशा सुधारित जातीही आल्या आहेत. पण बहुतेकांची एकच तक्रार असते, "अंडी देतात, पण खाद्यातच सगळं जातंय." ते खरंही आहे. कुक्कुटपालनात एकूण खर्चाच्या ६० ते ७० टक्के खर्च एकट्या खाद्यावर होतो. म्हणून खाद्य स्वस्त कुठं मिळतं हे शोधण्याआधी, आणलेलं खाद्य कोंबडीच्या पोटात किती जातं अन् मातीत किती जातं, हे बघायला पाहिजे.

आधी नासाडी मोजा

एक दिवस खाद्याच्या भांड्याखाली जुनी साडी किंवा रिकामं पोतं अंथरा. संध्याकाळी त्यावर सांडलेलं गोळा करा, विष्ठा अन् काडीकचरा काढून वजन करा.

आता हिशेब बघा. पूर्ण वाढलेली कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. समजा तुमच्याकडं २० कोंबड्या आहेत अन् प्रत्येकीमागं फक्त १० ग्रॅम सांडतं. म्हणजे रोज २०० ग्रॅम, महिन्याला ६ किलो. किलोला ३५ रुपये धरले तर महिन्याला २१० अन् वर्षाला अडीच हजार रुपये उकिरड्यावर गेले. सांडलेल्या दाण्यावर उंदीर, कावळे, चिमण्या येतात अन् सोबत रोग आणतात, ते नुकसान वेगळंच.

खाद्य सांडतं कशामुळं?

कोंबडीला दोन सवयी असतात. एक, पायानं उकरणं. दुसरी, चोचीनं दाणे बाजूला फेकून आवडीचा दाणा शोधणं. उघड्या ताटलीत किंवा टोपल्यात खाद्य टाकलं की ती आत उभी राहते, उकरते अन् त्यातच घाण करते. भांडं काठोकाठ भरलं तर फेकाफेक आणखी वाढते. म्हणून फीडरमध्ये तीन गोष्टी पाहिजेत : कोंबडी आत जाऊ नये, खाद्य थोडं-थोडं उतरावं, अन् काठ पुरेसा उंच असावा.

सामान काय लागतं?

- झाकणाची २० लिटरची जुनी प्लास्टिक बादली
- १५-१६ इंच रुंद, ४ इंच खोल प्लास्टिकचं घमेलं
- दोन नट-बोल्ट अन् मोठे वायसर
- थोडी बाइंडिंग तार, टांगायला दोरी
- ठिबकच्या जुन्या नळीचा तुकडा (१६ एमएम)

यातलं बरंचसं घरातच पडलेलं असतं. बादली रंगाची असेल तर रंग पूर्ण खरवडून, साबणानं धुऊन, उन्हात वाळवून घ्या. फवारणीच्या औषधाचा डबा किंवा कॅन मात्र कितीही धुतला तरी अजिबात वापरू नका. विष कोंबडीत जातं, तिथून अंड्यात अन् शेवटी आपल्या ताटात येतं.

बनवायची पद्धत

१) बादलीच्या तळाला लागून, बाजूच्या भिंतीत सारख्या अंतरावर ६ खिडक्या पाडा. प्रत्येक खिडकी दोन इंच रुंद, दीड इंच उंच. हॅक्सॉच्या पानानं कापा किंवा तापवलेल्या सळईनं पाडा. सळई वापरली तर धूर होतो, म्हणून काम बाहेर मोकळ्यात करा.

२) बादली घमेल्याच्या बरोबर मधोमध ठेवा. दोन्हींच्या तळाला आरपार दोन भोकं पाडून बोल्ट कसा.

३) बादलीत मधोमध एक जुनी वाटी पालथी घाला. मधलं खाद्य अडकून राहत नाही, खिडक्यांकडं सरकतं.

४) ठिबकची नळी लांबीत चिरून घमेल्याच्या काठावर बसवा. काठ जाड होतो, खाद्य बाहेर उडायला अडतं, अन् कोंबडीच्या गळ्याला धारही लागत नाही.

५) घमेल्याच्या काठापासून बादलीपर्यंत तारा बांधा. दोन तारांमध्ये चार बोटांचं अंतर ठेवा. डोकं आत जातं, पण पाय घालून उकरता येत नाही. तारेची टोकं आतल्या बाजूला वळवा.

६) बादलीच्या कडीला दोरी बांधून शेडच्या आढ्याला टांगा अन् झाकण लावा.

खिडकीची उंची महत्त्वाची आहे, कारण घमेल्यात खाद्य किती उतरणार हे तीच ठरवते. घमेलं एक तृतीयांशच भरलेलं राहिलं पाहिजे. बारीक भरडा अडकत असेल तर खिडकी रुंद करा, उंच करू नका.

टांगायची उंची

घमेल्याचा काठ कोंबडीच्या पाठीच्या पातळीला यावा. मान थोडी वर करून खाल्लं की घास फेकला जात नाही. पक्षी वाढत जातील तशी दोरी वर घ्या. हा फीडर मोठ्या पक्ष्यांसाठी आहे, लहान पिलांना उथळ भांडंच ठेवा. एका फीडरवर १२ ते १५ कोंबड्या नीट खातात, २० असतील तर दोन टांगा. नाहीतर दांडग्या कोंबड्या खातात अन् गरीब उपाशी राहतात.

एवढं सांभाळा

- पाण्याचं भांडं फीडरपासून लांब ठेवा. ओल्या चोचीनं खाद्य भिजतं.
- बादलीत साधारण १० किलो भरडा मावतो, पण पावसाळ्यात दोन दिवसांपुरताच भरा. बुरशी लागलेलं, वास येणारं खाद्य फेकून द्या. मक्यावरची अन् शेंगदाणा पेंडीवरची बुरशी कोंबड्यांना विषारी ठरू शकते.
- आपल्याकडं घरोघरी सोयाबीन आहे म्हणून ते कच्चं भरडून घालू नका. कच्च्या सोयाबीनमुळं प्रथिनं पचत नाहीत. भाजूनच वापरा, तेही इतर धान्यात मिसळून.
- कोंबड्या दिवसभर रानात चरत असतील तर फीडर संध्याकाळीच भरा.
- उन्हाळ्यात दुपारी पक्षी खात नाहीत. खाद्य पहाटे अन् सांज झाल्यावर द्या.
- आठवड्यातून एकदा फीडर पूर्ण रिकामा करून धुवा अन् वाळल्यावरच भरा.

फीडरनं खाद्य वाचतं, पण मानमोडी (राणीखेत) आली तर सगळी कमाई एका आठवड्यात जाते. लसीकरणासाठी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. जात अन् खाद्याबाबत माहिती पाहिजे असेल तर कळमनुरी तालुक्यातल्या तोंडापूर कृषी विज्ञान केंद्रातही विचारता येईल.

फीडर टांगल्यावर कोंबड्यांना दोन-तीन दिवस सवय होऊ द्या. मग खाली परत तीच साडी अंथरा अन् वजन करा. आधीच्या वजनाशी ताडून बघा. अजून जास्त सांडत असेल तर आधी उंची तपासा, नंतर खिडक्या.