सोनेरी पृष्ठभागाकडून खऱ्याखुऱ्या खोलीकडे

फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयात सिंहासनावर बसलेल्या मेरीची तीन भव्य चित्रं एकाच दालनात आहेत. मध्ययुगीन कला प्रबोधनाकडे कशी वळली, हे तिथे प्रत्यक्ष पाहता येतं.

● चिमाबुए (सुमारे १२८०-९०): पार्श्वभूमी सोन्याची. देवदूत एकावर एक रचलेले. मेरीच्या वस्त्राच्या चुण्याही सोनेरी रेघांनी दाखवलेल्या.

● दुच्चो (१२८५): देवदूत अजून अधांतरीच, पण रंग मृदू झाले आणि वस्त्राची सोनेरी किनार नागमोडी वळणं घेऊ लागली.

● जॉत्तो (सुमारे १३००-१०): सोनं कायम, पण मेरीच्या देहाला वजन आलं. वस्त्राखालचे गुडघे जाणवतात. मागच्या काही आकृत्यांचे चेहरे पुढच्यांच्या प्रभावळीआड चक्क झाकले जातात.

● मासाच्चो (सुमारे १४२७): याच शहरातल्या सांता मारिया नोव्हेल्ला चर्चमधलं ‘ट्रिनिटी’ हे भित्तिचित्र. सोन्याच्या जागी आता वास्तू आली. कमानदार छताच्या रेषा पाहणाऱ्याच्या नजरेच्या पातळीवरच्या एका बिंदूकडे धावतात, आणि सपाट भिंतीत खोली भासते. आखणीसाठी गिलाव्यात कोरलेल्या रेघा आजही दिसतात.

● आल्बेर्ती (१४३५): सपाट पृष्ठभागावर खोली भासवण्याची ही रीत, म्हणजेच यथार्थदर्शन, त्यांनी ग्रंथात मांडली.

विषय धार्मिकच राहिला. बदलली ती पाहण्याची दृष्टी, आणि या बदलाला शंभरहून अधिक वर्षं लागली. उफ्फिझीत गेलात, तर बोत्तिचेल्लीच्या ‘व्हीनस’कडे धाव घेण्याआधी या दालनात जरूर थांबा.