मोडीत घालण्यापूर्वी नोंद करा



परतवाड्याहून धारणीकडे जाताना सिपना नदीकाठी सेमाडोह लागते. १९७४ साली मेळघाटात व्याघ्र प्रकल्प झाला. सेमाडोहला वन खात्याचे माहिती केंद्र आहे. तेथे वाघ-अस्वलांची माहिती मिळते. ती हवीच. पण जंगलाबरोबर माणसाचीही आठवण राहायला हवी. मेळघाटातले कोरकू बांधव मृतांच्या स्मरणार्थ सागाची फळी कोरतात, तिला मुंडा म्हणतात. त्यावर चंद्र, सूर्य, घोडेस्वार असतात. तो कोणासाठी कोरला, हे सांगणारा म्हातारा गेला की मागे नुसते लाकूड राहते.

याला पैसा कोठून आणायचा, असे कोणी म्हणेल. पुण्याचे दिनकर केळकर यांनी १९२० च्या सुमारास दिवे, अडकित्ते, भांडी अशा घरगुती वस्तू जमवायला सुरुवात केली. १९६० पर्यंत सुमारे १५,००० वस्तू झाल्या. संग्रहाला अकाली गेलेल्या राजा या मुलाचे नाव दिले आणि सारा संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. आज तेथे २०,००० वर वस्तू आहेत. एकेक शेअर जमून कारखाना होतो, तसेच हे.

आपल्या गोठ्यातही चरक, गुळाची कढई, मोट, तिफण पडून असेल. भंगारवाला किलोने नेईल. आम्ही सुचवतो, ऊस लागवडीची नोंद करता तशीच याची करा: वस्तूचे नाव, कोणाची, कशी वापरत. लाकडाला जवसाचे तेल लावा, वाळवीपासून जपा. गावात एक कोरडी खोली मिळाली तरी सुरुवात होते. वस्तू थांबेल, सांगणारा थांबणार नाही.