संरक्षण सामग्री संपादन व्यवस्थापन : प्रमुख संज्ञा आणि प्रक्रिया
(भारतीय तोफखान्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

'संपादन' हा शब्द कानी पडताच मराठी वाचकाला ग्रंथसंपादन तरी आठवते किंवा भूसंपादन तरी. संरक्षणशास्त्राच्या परिभाषेत मात्र लष्करी गरज ओळखण्यापासून ते शस्त्र सेवेतून निवृत्त होईपर्यंतच्या संपूर्ण प्रवासाला संपादन असे म्हणतात. खरेदी हा त्या प्रवासातील केवळ एक टप्पा होय. वर्तमानपत्रांतील चर्चा बहुधा याच टप्प्याभोवती, म्हणजे किंमत आणि दलाली यांभोवती फिरत असते. वस्तुतः बहुतेक प्रकरणांचे भवितव्य किमतीच्या लिफाफ्यात ठरत नाही. ते त्याच्या कितीतरी आधी, गरज शब्दबद्ध करणाऱ्या कागदावर ठरते. हे स्पष्ट करण्यासाठी प्रस्तुत लेखात भारतीय भूदलाच्या १५५ मिलिमीटर तोफेचे उदाहरण घेऊन संपादनातील प्रमुख संज्ञांचा परिचय करून देण्यात आला आहे.

पार्श्वभूमी :

२४ मार्च १९८६ रोजी भारत सरकारने स्वीडनच्या बोफोर्स कंपनीशी सुमारे ४०० तोफांसाठी १,४३७ कोटी रुपयांचा करार केला. पुढील वर्षी एप्रिल महिन्यात स्वीडिश रेडिओने लाचखोरीचा आरोप प्रसारित केला आणि त्यानंतरचा राजकीय इतिहास सर्वपरिचित आहे. तोफ मात्र उत्तम होती. १९९९ च्या कारगिल संघर्षात उंच शिखरांवरील शत्रूच्या ठाण्यांवर तिनेच प्रभावी मारा केला. असे असूनही १९८६ नंतर नव्याने खरेदी केलेली १५५ मिलिमीटर तोफ भूदलात समारंभपूर्वक दाखल होण्यास ९ नोव्हेंबर २०१८ हा दिवस उजाडावा लागला. हा समारंभ नाशिकजवळील देवळाली येथे झाला. मधल्या काळात जुन्या १३० मिलिमीटर तोफांपैकी काहींचे रूपांतर करून वेळ निभावण्यात आली. बत्तीस वर्षांच्या या खंडाचे खापर केवळ भ्रष्टाचारावर किंवा केवळ निधीच्या टंचाईवर फोडणे सोयीचे असले तरी पुरेसे नाही.

कारगिलनंतर मंत्रिगटाने केलेल्या शिफारशींनुसार २००१ मध्ये संरक्षण संपादन परिषद अस्तित्वात आली. संरक्षणमंत्री हे तिचे अध्यक्ष असतात. २००२ च्या अखेरीस संरक्षण खरेदी कार्यपद्धती लागू झाली. २००५, २००६, २००८, २०११, २०१३ आणि २०१६ मध्ये तिच्यात सुधारणा झाल्या व १ ऑक्टोबर २०२० पासून 'संरक्षण संपादन कार्यपद्धती' या नव्या नावाने ती अमलात आली. 'खरेदी' जाऊन 'संपादन' आले हा बदल केवळ शाब्दिक नव्हे. ही कार्यपद्धती भांडवली खर्चाच्या सामग्रीला लागू होते. सुटे भाग, इंधन, कपडे इत्यादी महसुली खर्चाची खरेदी स्वतंत्र नियमपुस्तिकेनुसार केली जाते.

गुणात्मक आवश्यकता आणि आवश्यकतेची स्वीकृती :

संपादनाचा आरंभ 'माहितीच्या विचारणे'ने होतो. कार्यालयीन बोलीत तिला 'आरएफआय' म्हणतात. बाजारात काय उपलब्ध आहे, कोण पुरवू शकेल, साधारण किती खर्च येईल याची ती चाचपणी असते. तीत खरेदीचे कोणतेही बंधन नसते. तिच्या आधारे सेनामुख्यालय 'गुणात्मक आवश्यकता' निश्चित करते. भूदलात यालाच 'जीएसक्यूआर' असे संबोधतात. तोफेचा पल्ला किती असावा, वजन किती, नळीची लांबी किती, एका मिनिटात किती गोळे सुटावेत, कोणत्या तापमानात ती चालावी, हे सर्व येथे ठरते. संपूर्ण प्रक्रियेतील हा सर्वांत निर्णायक आणि सर्वांत कमी चर्चिला गेलेला दस्तऐवज होय.

त्याचे दोष दोन प्रकारचे संभवतात. जगातील प्रत्येक तोफेचा सर्वोत्तम गुण एकाच तोफेत असावा असा आग्रह धरला तर तशी तोफ कोणीच बनवत नाही. उलट एखाद्या विशिष्ट तोफेचे माहितीपत्रक समोर ठेवून आवश्यकता लिहिल्या तर एकच विक्रेता उरतो. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना, काही आवश्यकता मार्व्हलच्या चित्रकथांतून उचलल्यासारख्या वाटतात, अशा आशयाची टिप्पणी त्यांनी केली होती. तिच्यातील विनोद बाजूला ठेवला तरी मुद्दा गंभीर होता. वायुदलाच्या भांडवली संपादनासंबंधीच्या २०१९ च्या अहवालात नियंत्रक व महालेखापरीक्षकांनीही हाच आक्षेप नोंदविला आहे. साधनाने कोणते कार्य करावयाचे हे सांगण्याऐवजी आवश्यकतांमध्ये बारीकसारीक तांत्रिक तपशील भरले जातात, असे त्यांचे निरीक्षण आहे. २०१६ च्या कार्यपद्धतीत यावर काही उपाय योजण्यात आला. 'अनिवार्य परिमाणे' दोन गटांत विभागली गेली. पहिल्या गटातील गुण चाचणीच्या वेळी असलेच पाहिजेत. दुसऱ्या गटातील गुण करारानंतर विकसित करून देता येतात. अपेक्षेपेक्षा सरस ठरणाऱ्या 'वर्धित परिमाणां'साठी मूल्यमापनात दहा टक्क्यांपर्यंत श्रेय देण्याची तरतूदही त्याच वेळी झाली.

यानंतरची पायरी 'आवश्यकतेची स्वीकृती', अर्थात 'एओएन'. परिषदेने एओएन दिल्याची बातमी झळकली की शस्त्र विकत घेतले असा समज होतो. प्राध्यापक मंडळींच्या चर्चासत्रांतही तो ऐकू येतो. प्रत्यक्षात गरज मान्य आहे, एवढाच तिचा अर्थ. किती नग घ्यावयाचे आणि कोणत्या वर्गवारीतून घ्यावयाचे हेही तेथेच ठरते. २०२० च्या कार्यपद्धतीत 'भारतीय अभिकल्पित, विकसित व उत्पादित' सामग्रीच्या खरेदीला अग्रक्रम देण्यात आला असून जागतिक खरेदी शेवटच्या क्रमांकावर आहे. स्वीकृतीला मुदत असते. तिच्या आत प्रस्ताव मागविले नाहीत तर ती रद्द होते आणि फाइल पुन्हा आरंभबिंदूकडे वळते.

प्रस्ताव, चाचणी व न्यूनतम बोली :

'प्रस्ताव मागणीपत्र' म्हणजे 'आरएफपी' निघाल्यावर विक्रेते दोन लिफाफ्यांत आपले प्रस्ताव सादर करतात, एकात तांत्रिक माहिती आणि दुसऱ्यात किंमत. तांत्रिक मूल्यमापन समिती पहिला लिफाफा तपासते. पात्र ठरलेल्या विक्रेत्याने आपली तोफ स्वखर्चाने भारतात आणून चाचणीस द्यावयाची असते. चाचणी यशस्वी झाली तरी खरेदीची हमी नसते. वाळवंटात, डोंगराळ भागात, उन्हाळ्यात व कडाक्याच्या थंडीत चाचण्या घ्यावयाच्या म्हणजे ऋतुचक्राची वाट पाहणे ओघाने आलेच. एक हंगाम चुकला की वर्ष जाते.

चाचणीत उत्तीर्ण झालेल्यांचाच किमतीचा लिफाफा उघडतात. तो उघडण्यापूर्वी वाटाघाटी समितीने वाजवी किमतीचा स्वतःचा अंदाज नोंदवून ठेवणे अपेक्षित असते. न्यूनतम बोली लावणारा तो 'एल-वन'. महाविद्यालयीन प्रयोगशाळेसाठी तीन दरपत्रके मागवून तुलनात्मक तक्ता करणाऱ्या कोणाही विभागप्रमुखाला ही पद्धत परिचित आहे, आणि तिची अडचणही. तक्त्यात दर दिसतो. सूक्ष्मदर्शक पाच वर्षांनी चालेल की नाही हे दिसत नाही. 'आयुर्मान खर्च' ही संज्ञा याच उणिवेतून पुढे आली. तोफेच्या मूळ किमतीबरोबर दारूगोळा, सुटे भाग, दुरुस्ती आणि प्रशिक्षण यांचा तिच्या सेवाकाळातील खर्च त्यात मोजला जातो. मोठ्या रकमेच्या प्रकरणांत अंतिम मान्यता मंत्रिमंडळाची सुरक्षाविषयक समिती देते व त्यानंतर करार होतो.

या मार्गावर तोफखान्याची गाडी वारंवार अडली. स्पर्धेत मुळातच मोजके उत्पादक होते. २००५ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या कंपनीशी व्यवहार थांबविण्यात आला. मार्च २०१२ मध्ये सहा कंपन्यांवर दहा वर्षांची बंदी आली. त्यांतील सिंगापूरची कंपनी तोफेच्या स्पर्धेत होती. विक्रेते बाद होत गेले की 'एकल विक्रेता' स्थिती उद्भवते. स्पर्धा नाही म्हणून निविदा रद्द होते. लाचखोरांना वगळणे योग्यच होते, याबद्दल दुमत असू नये. परंतु कंपनी वगळल्यानंतर तोफ कोठून आणावयाची, या प्रश्नाचे उत्तर त्याच आदेशात नसे. फाइल निर्दोष राहिली आणि तोफची रिकामा राहिला.

स्पर्धेबाहेरचा एक मार्ग म्हणजे दोन सरकारांमधील व्यवहार. अमेरिकेच्या 'परकीय लष्करी विक्री' योजनेखाली २०१६ मध्ये १४५ एम-७७७ तोफांचा व्यवहार झाला. सुमारे सव्वाचार टन वजनाची ही तोफ हेलिकॉप्टरला टांगून डोंगरावर नेता येते. अशा व्यवहारात वेळ वाचतो. किमतीवरील घासाघीस मात्र मर्यादित राहते.

आणखी एक मार्ग घरातच होता. बोफोर्स करारात तंत्रज्ञान हस्तांतरणाचा अंतर्भाव होता व त्यानुसार तोफेची रेखाचित्रे भारताला मिळालेली होती. ती अनेक वर्षे वापराविना पडून राहिली. त्यांच्याच आधारे विकसित केलेली 'धनुष' तोफ जबलपूरच्या कारखान्यातून भूदलाच्या स्वाधीन झाली ती एप्रिल २०१९ मध्ये. तंत्रज्ञान हस्तांतरण ही संज्ञा करारपत्रात लिहिणे आणि ते तंत्रज्ञान आत्मसात करणे यांतील अंतर यावरून लक्षात येते.

पुण्यात घडलेली तोफ :

पुण्याच्या आयुध संशोधन व विकास आस्थापनेने २०१३ च्या सुमारास 'अटॅग्ज' या ओढतोफेचा प्रकल्प हाती घेतला. विकासातच दोन खासगी उद्योग सहभागी करून घेतले, हे त्याचे वैशिष्ट्य. चाचण्यांत तिने सुमारे ४८ किलोमीटरचा पल्ला गाठला; मात्र सुमारे १८ टनांचे वजन हा वादाचा विषय राहिला. ऑगस्ट २०१८ मध्ये १५० तोफांसाठी स्वीकृती मिळाली. सप्टेंबर २०२० मध्ये पोखरण येथे चाचणीच्या वेळी नळी फुटली व काही जण जखमी झाले. अशा अपघातानंतर चाचण्या लांबल्या तर 'दिरंगाई' म्हणून टीका होते, पण तोफच्यांच्या जिवाशी निगडित असलेला हा विलंब आणि फाइल टेबलावर पडून राहिल्याने होणारा विलंब यांना एका मापाने मोजणे न्याय्य नव्हे. मार्च २०२३ मध्ये ३०७ तोफांसाठी स्वीकृती मिळाली आणि मार्च २०२५ मध्ये भारत फोर्ज व टाटा ॲडव्हान्स्ड सिस्टिम्स यांच्याशी तोफा आणि त्या ओढणारी वाहने मिळून सुमारे ६,९०० कोटी रुपयांचे करार झाले. न्यूनतम बोली भारत फोर्जची होती. तिला साठ टक्के तोफा आणि दुसऱ्या कंपनीला चाळीस टक्के अशी विभागणी झाल्याने एकाच पुरवठादारावर अवलंबून राहण्याची आपत्ती टळली.

करारानंतरचे व्यवस्थापन हा विषय कार्यपद्धतीच्या ग्रंथांत थोडक्यात आटोपला जातो. पुरवठ्याचे वेळापत्रक, विलंबाबद्दलची दंडकपात, हमीकाळ आणि सुट्या भागांची उपलब्धता या बाबी त्यात येतात. परदेशी विक्रेत्याने कराराच्या मूल्यापैकी ठरावीक हिस्सा भारतीय उद्योगात गुंतविण्याचे 'ऑफसेट' बंधन २००५ मध्ये आले. सुरुवातीची ३०० कोटींची मर्यादा २०१६ मध्ये २,००० कोटींवर गेली आणि २०२० मध्ये दोन सरकारांमधील व्यवहारांना व एकल विक्रेत्याच्या प्रकरणांना त्यातून वगळण्यात आले.

देवळालीच्या त्या समारंभात एम-७७७ बरोबर के-९ वज्र ही स्वयंचलित तोफही दाखल झाली होती. दक्षिण कोरियाच्या सहकार्याने लार्सन अँड टुब्रोने हाझिरा येथे अशा १०० तोफा २०२१ च्या आरंभापर्यंत पूर्ण केल्या. तिच्या गुणात्मक आवश्यकता वाळवंटी व सपाट प्रदेश डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या होत्या. २०२० नंतर सीमेवरील परिस्थिती पालटली आणि तीच तोफ लडाखमध्ये नेण्यात आली. तेथील थंडीत ती चालावी म्हणून तिला वेगळी साधने जोडावी लागली. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी १०० वज्र तोफांसाठी ७,६२८ कोटी रुपयांचा करार करण्यात आला.