पत्राच्या माथ्यावरील ओळ

वर्गांत पत्रलेखन शिकवितांना 'विषय' या शब्दापुढें काय लिहावें, याकडे आम्हीं पुष्कळ वर्षें फारसें लक्ष पुरविलें नाहीं. मायना शुद्ध असला, दिनांक योग्य जागीं पडला, शेवटीं 'आपला आज्ञाधारक' आला, कीं गुण द्यावयाचे, अशी आमची वहिवाट. तिला गेल्या वर्षीं धक्का बसला.

मंगरूळपीर तालुक्यांतील आमच्या एका विद्यार्थिनीची आई महिला बचत गटांत आहे. गटानें घरच्या तुरीची डाळ करून शहरांतील गिऱ्हाइकांस परभारें विकावयाचें ठरविलें. एका प्रदर्शनांत ज्यांनीं पूर्वीं डाळ घेतली होती व आपला ई-मेलचा पत्ता आपण होऊन लिहून दिला होता, त्यांस पत्र पाठवावयाचें होतें. मुलीच्या वसतिगृहाची थकलेली फी याच डाळीच्या पैशांतून भरावयाची होती. तिनें मसुदा आम्हांस दाखविला. आम्हीं ऱ्हस्व-दीर्घ सुधारलें, दोन वाक्यें भारदस्त केलीं, आणि विषयाच्या जागीं स्वहस्तें 'विनम्र निवेदन' असें घातलें. पंधरा दिवसांत एकही उत्तर आलें नाहीं. मग मुलगी भीत भीत म्हणाली, "सर, निवेदन कशाचें तें वरून कसें कळावें?" या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

ई-मेलची ही विषयाची ओळ बरीच जुनी आहे. १९७१ सालीं अमेरिकेंत रे टॉमलिन्सन यांनीं एका संगणकावरून दुसऱ्यावर पत्र धाडून दाखविलें. १९७३ सालीं अशा पत्रांच्या माथ्याची रीत लिहून काढण्यांत आली, तेव्हां पाठविणाराचें नांव व दिनांक यांजबरोबर विषयासही जागा मिळाली. व्यापाऱ्यांस ही सोय दिसण्यास वेळ लागला नाहीं. १९७८ च्या मे महिन्यांत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीचे गॅरी थर्क यांनीं सुमारें ४०० जणांस, कोणीं मागितली नसतां, संगणकांची जाहिरात एकदम पाठविली, आणि तक्रारींचा गहजब उडाला. आपल्या देशांत सर्वसाधारण लोकांस इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळूं लागलें.

पत्र घेणाराची स्थिति मनांत आणावी. त्याच्यापुढें एकाखालीं एक अशीं वीस-पंचवीस पत्रें असतात. प्रत्येकाचें नांव व विषय तेवढा दिसतो. उघडावें कीं टाकावें, हा निकाल तेथेंच लागतो. त्यांत मोबाईलचा पडदा अरुंद. सुमारें तीस-चाळीस अक्षरांपुढील भाग बहुधा कापला जातो. येथें आपल्या मराठीची एक खोड आडवी येते. आपलें क्रियापद शेवटीं, आणि नामाच्या आधीं विशेषणांची वरात! 'आमच्या येथें अत्यंत माफक दरांत उत्तम प्रतीची, घरगुती पद्धतीनें तयार केलेली तुरीची डाळ मिळेल' या ओळींतील डाळ गिऱ्हाइकास दिसतच नाहीं. दिसतो तो केवळ माफक दर, तोही कशाचा हें न कळतां. म्हणून नाम पुढें ओढावें. दुसऱ्या पत्रास आम्हीं 'मंगरूळपीरची नवी तूरडाळ : मागणी १० मार्चपर्यंत' असा विषय दिला. गांव, वस्तु आणि मुदत, एवढेंच. मुदत मात्र खरी असावी. 'आजच शेवटचा दिवस' असें रोज लिहिणाराचें तिसऱ्या दिवशीं कोण ऐकणार? या वेळीं उत्तरें आलीं. पोतीं हातोहात खपलीं असें नव्हे, परंतु थकलेली फी निघाली.

मथळ्याचें सामर्थ्य महाराष्ट्रास नवें नाहीं. १८९७ सालीं 'केसरी'त लोकमान्य टिळकांनीं 'सरकारचें डोकें ठिकाणावर आहे काय?' हा मथळा दिला. ज्यांनीं तो अग्रलेख कधीं वाचला नाहीं अशांच्याही तोंडीं तो आहे. परंतु त्या प्रश्नाखालीं तेवढ्याच वजनाचा मजकूर होता, हें विसरून कित्येक जाहिरातदार नुसता प्रश्न उचलतात.

फसव्या विषयाचें थैमान जगानें ४ मे २००० रोजीं पाहिलें. 'आय लव्ह यू' एवढाच विषय पाहून लोकांनीं पत्र उघडलें. सोबतची फाईल उघडतांच ती संगणकांतील चित्रें वगैरे बिघडवी आणि पत्त्यांच्या यादींतील सर्वांस स्वतःच्या प्रती धाडी. लाखों संगणक त्यांत सांपडले. व्यापारी पत्रांत दिशाभूल करणारा विषय देण्यास अमेरिकेनें २००३ च्या कायद्यानें बंदी केली. आपल्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, जो २० जुलै २०२० पासून अमलांत येऊं लागला, फसव्या जाहिरातींस दोष मानतो. पत्रोत्तराच्या माथ्यावर येणारें 'री' हें लॅटिन 'रेस', म्हणजे 'बाब', या शब्दाचें रूप आहे. तें उगीच लावून पूर्वीचा पत्रव्यवहार चालूच असल्याचें भासविणें ही लबाडीच होय. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलनें, रोज ५,००० हून अधिक पत्रें पाठविणारांवर, तक्रारींचें प्रमाण ०.३ टक्क्यांखालीं ठेवण्याचें बंधन घातलें आहे. म्हणजे हजारांत तिघांनीं कुरकुर केली कीं मर्यादा संपली.

कोणता विषय चालतो हें ठरविण्यास यादीचे दोन भाग करून प्रत्येकास निराळी ओळ पाठविण्याची युक्ति आहे. किती पत्रें उघडलीं गेलीं हा आंकडा मात्र फसवा असतो; २०२१ पासून ॲपलच्या फोनांत चित्रें आधींच आपोआप उतरवून घेण्याची सोय असल्यामुळें न वाचलेलें पत्रही वाचल्यासारखें मोजलें जातें. मागण्या मोजाव्या हें बरें.

यंदाच्या सहामाहींत विषयाच्या ओळीस आम्हीं स्वतंत्र दोन गुण ठेविले. एका मुलानें रजेच्या अर्जावर 'विषय : ताप, सोमवार ते बुधवार' असें लिहिलें. त्यास दोन्ही गुण दिले.