सापळ्यातील आठ पतंग

२०१७च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. अनेक घरांतला कमावता माणूसच गेला. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीनेही विदर्भात कहर केला.

ही अळी अंड्यातून बाहेर येताच बोंडात शिरते आणि तिने केलेले छिद्र बुजून जाते. मग वरून कितीही औषध मारा, ते तिच्यापर्यंत पोहोचत नाही. पैसा जातो आणि विष मात्र फवारणाऱ्याच्या अंगावर येते. म्हणून खरा प्रश्न ‘कोणते औषध?’ एवढाच नाही. ‘फवारणी कधी करायची आणि कधी नाही?’ हेही कळायला हवे.

याचे उत्तर विद्यापीठांतील संशोधनातून मिळाले. या अळीची मादी नराला बोलावण्यासाठी जो गंध सोडते, त्याची नेमकी ओळख १९७३मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पटवली. तोच गंध कृत्रिमरीत्या तयार करून कामगंध सापळ्यातील ल्युरमध्ये भरतात. नर पतंग फसून आत येतात आणि शेतात कीड किती आहे, ते समजते.

अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि कृषी विभाग आपल्या शेतकऱ्यांना हेच सांगत आले आहेत. हेक्टरी ५ सापळे लावा. एका सापळ्यात सलग ३ रात्री ८ किंवा अधिक पतंग सापडले, तर उपाय करण्याची वेळ आली. वेगवेगळ्या झाडांची २० हिरवी बोंडे फोडून पाहा. २ बोंडांत अळी दिसली, तरी तोच इशारा. सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क वापरा. डिसेंबरअखेर पीक काढून टाका, फरदड ठेवू नका. नाहीतर अळीला पुढेही खाद्य मिळत राहते.

फवारावेच लागले तर हातमोजे, मास्क, चष्मा आणि अंगभर कपडे हवेत. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये. ते कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवावेत. मळमळ, अंधुक दिसणे, खूप घाम किंवा लाळ येऊ लागली, तर कपडे बदलून अंग साबणाने धुवावे आणि औषधाचा डबा सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठावा.

अब्बा सकाळी शेतातून आले की पतंगांचा आकडा विचारून घरातल्या शाळकरी मुलाने वहीत लिहून ठेवावा. यंदा फवारायचे की थांबायचे, हे त्या वहीवरून ठरवता येईल.