चार्जरआधी अर्थिंग

इलेक्ट्रिक गाडी घेणारा रेंज विचारतो, बॅटरीची वॉरंटी विचारतो. अर्थिंगबद्दल मात्र तो विचारत नाही आणि त्याला कोणी सांगतही नाही. डहाणू-तलासरीत वायरिंगची कामं करणाऱ्या आम्हा मंडळींना फोन येतो तो गाडी दारात उभी राहिल्यावर.

घोलवडकडचा किस्सा. समुद्राजवळची चिकूवाडी, नवी कोरी गाडी आणि प्लग लावला की चार्जरच्या पेटीवर लाल दिवा. "भाऊ, चार्जरच खराब दिलाय, बदलून मागतो," मालक म्हणाले. मी टेस्ट लॅम्प काढला. फेज आणि न्यूट्रलमध्ये बल्ब लख्ख पेटला. फेज आणि अर्थिंगमध्ये धरला, तर आतली तार नुसती लालसर झाली. घरामागचा अर्थिंगचा खड्डा उकरला. पट्टीचा नटबोल्ट खाऱ्या हवेने इतका खाल्लेला, की बोट लावताच गंजाचे पापुद्रे सुटले. फ्रिज, गिझर, पाण्याची मोटर, सगळं वर्षानुवर्षं तसंच चालू होतं. गाडीचा चार्जर मात्र आधी अर्थिंग तपासतो आणि ते मिळालं नाही तर वीज सोडतच नाही. नवा खड्डा घेतला, तांब्याची पट्टी टाकली, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवला. गाडी चार्ज व्हायला लागली आणि त्या घरातली माणसंही सुरक्षित झाली.

तलासरीकडच्या एका मास्तरांची तक्रार वेगळी होती. रात्रभर लावूनही गाडी भरत नव्हती. "डहाणूला एवढं थर्मल आहे, मग आपल्याकडे व्होल्टेज का पडतं?" हा प्रश्न या भागात सगळीकडे ऐकू येतो. डहाणूचं ते ५०० मेगावॉटचं केंद्र मुंबईच्या उपनगरांना वीज पुरवण्यासाठी उभं राहिलं. आपल्या घरात येते ती महावितरणच्या तारांतून. मास्तरांच्या घरी मीटरपाशी व्होल्टेज ठीक होतं. पडत होतं ते कुंपणाच्या आत. मीटरपासून पत्र्याच्या शेडपर्यंत साठ मीटर अंतर आणि त्यावर बल्बसाठी ओढलेली दीड एमएमची वायर. पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर चार्जिंग सुरू होताच मल्टिमीटरवर वीसेक व्होल्ट कमी दिसले. वायरीला हात लावला तर गरम. ती काढून सहा एमएमची तांब्याची वायर ओढली, घट पाच-सहा व्होल्टवर आली. पाऊस तिरपा येतो म्हणून सॉकेट आतल्या भिंतीवर, कमरेच्या वर, झाकणासह बसवलं.

तिसरी गोष्ट उघडपणे कोणी बोलत नाही. वाडीत शेतीपंपाचं थ्री फेज मीटर असतं, दर कमी. "तिथूनच एक वायर द्या ना," असा आग्रह होतो. मी ते काम घेत नाही. मंजूर कारणाखेरीज वीज वापरली तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. शिवाय पंपाच्या लाइनला वीज ठरावीक तासच असते. स्वतःची गाडी घरच्या मीटरवर चार्ज करायला कायद्याची काहीच आडकाठी नाही. २०२४ च्या ग्राहक हक्क नियमांतील दुरुस्तीनंतर चार्जिंगसाठी वेगळी जोडणीही मागता येते.

हिशेब सोपा आहे. ३० युनिटची बॅटरी पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर साधारण नऊ-दहा तासांत भरते. रोज डहाणू ते तलासरी जाऊन-येऊन करणाऱ्याला तेवढं पुरतं. ७.२ किलोवॉटचा वॉलबॉक्स ३२ अँपिअर ओढतो. तो हवा असेल तर आधी बिलावरचा मंजूर भार बघा आणि वाढवून घ्या.

बुकिंगचे पैसे भरण्याआधी परवानाधारक वायरमनला घरी बोलवा. मीटर ते शेड अंतर मोजून घ्या, वायरीची जाडी ठरवून घ्या आणि अर्थिंगचा आकडा पाच ओहमच्या आत आल्याचं कागदावर लिहून घ्या. गाडी त्यानंतर आणा.